पेन्सिलीखालचा डाग

डॉक्टरीणबाईंनी मागितलं होतं ते एवढंच, की घरात जुने फोटो असतील तर घेऊन या. आत्याच्या नाकाशेजारचा हा डाग किती वर्षांचा आहे, कुठून सुरू झाला, कुठल्या बाजूला सरकत गेला, हे बघता आलं तर बरं. फोटो काढण्यावर ज्यांची तिसरी पिढी जेवत होती त्यांना हे सांगणं म्हणजे बेकरीवाल्याच्या घरी पावाचा तुकडा मागण्यासारखं होतं. आत्याची थोरली बहीण तर तिथंच हसली होती. "पोतंभर आणते," म्हणाली.

आता ते पोतं स्टुडिओच्या फरशीवर ओतलं गेलं होतं. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं आणि छतातल्या काचेतून दुपारचा उजेड दुधासारखा खाली सांडत होता. मागच्या भिंतीवर दोघींच्या वडिलांनी, अण्णांनी, स्वतः रंगवलेला पडदा होता. एक तळं, तळ्यात उतरणाऱ्या पायऱ्या, पलीकडच्या काठावर झाडं, आणि झाडांमागे काहीच नाही, कारण तिथपर्यंत पोचता पोचता अण्णांकडचा रंग संपला होता. या पडद्यापुढे स्टुडिओ उघडला त्या तारखेला दर वर्षी सगळं घर बसायचं. मोठ्या लाकडी कॅमेऱ्यावर फोटो निघायचा. अण्णा गेले, दुकानात कॉम्प्युटर आले, पण हा एक फोटो फिल्मवरच निघत राहिला.

आत्या गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली होती. नाकपुडीच्या उजव्या कडेला बोट लावायची तिला सवय लागली होती. बोटाला नाक कळायचं, नाकाला बोट कळायचं नाही. गरम चहाचा थेंब तिथं उडाला आणि तिला पत्ताच लागला नाही, तेव्हा कुठं ती डॉक्टरकडे गेली होती. तपासणीत निघालं ते दुखणं फार क्वचित कुणाला होणारं होतं. घामाच्या ग्रंथींचा कर्करोग, चेहऱ्यावरचा. शरीरात सहसा लांब पळत नाही, पण कातडीखाली मुळांसारखा पसरतो, आणि वरून दिसतं त्यापेक्षा आत बराच असतो. "तुमचा डाग म्हणजे फक्त दारावरची पाटी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "घर आत केवढं आहे ते उघडल्यावर कळेल."

"हिला डाग होताच कुठे?" थोरलीनं एकेक फोटो उजेडात धरला. "हा बघ. हा बघ. कशी नितळ दिसते. माझ्यापेक्षा तर हीच धाकटी वाटते."

"मोठी आत्या, तू तिच्यापेक्षा मोठीच आहेस," भाची म्हणाली. भाची म्हणजे या दोघींच्या धाकट्या भावाची, भाऊची मुलगी, दुकानातला कॉम्प्युटर आता तिच्या ताब्यात होता.

"पण एवढी नाही."

भाचीनं फोटो फरशीवर ओळीनं मांडले आणि गुडघ्यावर बसून ती एकेकावर वाकली. वाकता वाकता तिचं हसू विरलं. "नितळ तर सगळेच आहोत. बाबांच्या गालावरचा खड्डा कुठाय? मोठी आत्या, तुझा हनुवटीवरचा तीळ? माझ्या पुटकुळ्या? सगळं साफ केलेलं आहे. या घरात एकाही माणसाचा खरा फोटो नाहीये."

 जगातल्या कुठल्याही घरात अशा वेळी एखादा तरी खरा फोटो सापडला असता. याच घरात सापडणार नव्हता, कारण फोटो साफ करणं हेच या घराचं काम होतं. आणि ते काम अर्ध्या आयुष्यभर आत्या करत आली होती. टोकदार पेन्सिल, डोळ्याला भिंग, खालून उजेड येणारी काच, त्यावर निगेटिव्ह. चेहऱ्यावर जिथं सावलीचा खड्डा असेल तिथं निगेटिव्हवर पेन्सिलीचे बारीक ठिपके भरायचे, की छापताना खड्डा बुजतो. गावातल्या सगळ्या नवऱ्यामुली तिच्या पेन्सिलीखालून गेल्या होत्या.

पण अण्णांचा एक नियम होता. आपला चेहरा आपण साफ करायचा नाही. माणूस स्वतःवर एक तर फार दया दाखवतो नाही तर फार राग काढतो, असं ते म्हणायचे. म्हणून घरच्या फोटोत आत्याचा चेहरा दुसऱ्या कुणाच्या तरी पेन्सिलीखाली जायचा. आणि घरात पेन्सिल चालवणारं दुसरं माणूस एकच होतं.

सगळ्यांच्या माना भाऊकडे वळल्या. भाऊ कॅमेऱ्याच्या तिवईशी उभा होता. गिऱ्हाइकंसुद्धा त्याला भाऊच म्हणायची, आणि तो होताही तसाच, कुणाचंही ओझं उचलायला पुढे होणारा. आता त्याच्या हातात नुसता चहाचा कप होता आणि तोही त्याला जड झाला होता.

"आधी मसुराच्या डाळीएवढा होता," तो कपाशी बोलल्यासारखा म्हणाला. "चपटा, जरा खोलगट. कडेला सावली धरायचा. मी भरून टाकायचो. दर वर्षी जरा जास्त भरावं लागायचं."

"आणि तू एका शब्दानं बोलला नाहीस?" थोरलीचा आवाज चढला. "भिंग लावून दर वर्षी बघत होतास आणि बोलला नाहीस?"

"मला वाटलं, वय होतंय. वाईट कशाला वाटू द्यायचं तिला."

"ते बोलले नाहीत, पण तुम्ही तरी कुठं पाहिलंत?" हे दाराकडून आलं. भाऊची बायको बिस्किटांची बशी घेऊन उभी होती. "थोरल्या वन्सं, दर फोटोत तुम्ही धाकट्या वन्संच्या उजव्या हाताला बसता. डाग उजवीकडेच आहे."

आत्यानं चमकून मान वर केली. भावजयीचं आणि तिचं सूत कधी जमलं नव्हतं. एका चुलीवर दोघींनी कित्येक वर्षं काढली ती हवापाण्याच्या गप्पांवर. थोरली आणि आत्या एका बाजूला, भाऊ आणि भावजय दुसऱ्या, अशी या घराची बसायची रीतच ठरून गेली होती. आज भावजय आपल्या बाजूनं बोलते आहे की नवऱ्याच्या, हे आत्याला नीटसं कळेना. बहुधा दोघांच्याही.

"मीच शिकवलंय त्याला," आत्या म्हणाली. "माणूस बघायचा नाही, उजेड बघायचा. तो शिकला."

हे ती समजूत घालायला म्हणाली होती. भाऊला ते कुठं लागलं कोण जाणे. त्यानं कप खाली ठेवला, डार्करूममध्ये गेला आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलायचा, तिला चहा आणून द्यायचा, पण बघायचा तिच्या चपलांकडे.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तो बरोबर आला नाही. दुकान उघडायचंय म्हणाला.

हॉस्पिटलची ती खोली लहान होती, एक कोच, एक आरामखुर्ची आणि एक खिडकी. खिडकीतून समोरच्या लाँड्रीची गच्ची दिसायची, तिच्यावर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी दिवसभर फुगत आणि बसत होत्या. पद्धत अशी होती, की आत नेऊन फक्त तेवढी जागा बधिर करायची, डागाचा एक पातळ थर काढायचा, पट्टी बांधून बाहेर आणून बसवायचं. तोवर तो थर गोठवून, कापून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. कडेला कुठं मूळ राहिलंय असं दिसलं तर पुन्हा आत, पुन्हा तेवढ्याच जागेवर एक थर. स्वच्छ कड सापडेपर्यंत.

आत्याला हे काम ओळखीचं वाटलं. फक्त आजपर्यंत ती खुर्चीच्या या बाजूला कधी बसली नव्हती.

भीती कमी व्हावी म्हणून तिला कसलीशी गोळी दिली होती. तिच्यामुळे खोलीच्या भिंती जरा लांब गेल्या. चादरी फुगल्या की तिला अण्णांचा पडदा हलल्यासारखा वाटायचा. मग ती तळ्याच्या पायऱ्या उतरायची. लहानपणी तिला वाटायचं, शेवटच्या पायरीवर पाय ठेवला की पाणी लागेल. आता लागत होतं. कोमट होतं. पलीकडे झाडांमागे रंग न लावलेला कोरा कपडा होता आणि तिथं कुणीतरी उभं होतं, पाठमोरं. हाक मारावी असं तिच्या मनात यायचं, तेवढ्यात थोरलीचा आवाज यायचा.

"या वयात चेहऱ्याशी एवढा खेळ कशाला? गळ्याजवळची कातडी काढून ठिगळ लावतात म्हणे. एका दमात काम, संध्याकाळी घरी."

"ठिगळ ठिगळासारखं दिसतं, असं डॉक्टरीणबाई स्वतःच म्हणाल्या," भावजय हळूच म्हणाली. "खोलगट राहील. रंग वेगळा दिसेल."

"मग ते दुसरं बरं का? कपाळाची कातडी उलटवून नाकावर आणायची, आणि तीन-चार आठवडे मध्ये पूल बांधल्यासारखी लोंबती ठेवायची? लोक काय म्हणतील तिला?"

"लोक तिला पूल म्हणतील," भाची म्हणाली. "मी त्यावरून टोल घेईन."

भावजय हसली आणि मग लगेच आत्याकडे बघून गप्प झाली. पण आत्याही पट्टीखाली हसत होती. हसताना नाक कुठं आहे ते तिला कळत नव्हतं.

दुसरा थर काढून तिला परत आणून बसवलं, तेव्हा डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. वरच्या कडेला अजून आहे, म्हणाल्या. त्या बोलत असतानाच दार उघडलं आणि खोलीत टर्पेंटाइनचा वास शिरला. त्यामागून भाऊ. त्याची बोटं काळी झाली होती आणि छातीशी त्यानं एक चपटा पुठ्ठ्याचा डबा धरला होता.

"जुने फोटो मागितले होते तुम्ही," तो डब्याकडे बघत डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "फोटोत काही नाही. पण पेन्सिल निगेटिव्हवर असते. टर्पेंटाइनच्या कापसानं पुसली की निघते. मी सगळ्या पुसल्या."

डॉक्टरीणबाईंनी एकेक निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरली. मागे पांढऱ्या चादरी फुगत होत्या आणि त्यांच्यावर उलट्या रंगाचं सगळं घर दिसत होतं, काळे चेहरे, पांढरे केस, पांढरं तळं. आत्याच्या काळ्या चेहऱ्यावर नाकाच्या कडेला एक बारीक पांढुरकी चंद्रकोर होती. पुढच्या निगेटिव्हमध्ये ती जरा मोठी होती. त्याच्या पुढच्या निगेटिव्हमध्ये अजून वर. इतकी वर्षं ती तिथं होती, दर फोटोत तिच्याबरोबर ओळीत बसत आली होती, आणि घरातल्या माणसांत तेवढी एकच अशी होती जिला कुणी ओळख दाखवली नव्हती.

"वरच सरकलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजच्या तुकड्यातही तिकडेच दिसतोय. जुळतंय. आणि सावकाश वाढलाय, हे चांगलं आहे." भाऊकडे वळून त्या म्हणाल्या, "उपयोग झाला."

भाऊनं मान हलवली. थोरलीनं त्याला बोलायला तोंड उघडलं होतं, ते तिनं मिटलं आणि कोचावर सरकून त्याला जागा केली. त्या दोघांत त्या दुपारी जे काही झालं ते एवढंच, पण पुढे कधी थोरलीनं तो विषय काढला नाही.

तिसऱ्या थराला कड स्वच्छ निघाली. डॉक्टरीणबाईंनी आत्याच्या हातात आरसा दिला. "बघायचं नसलं तर नका बघू. पण पुढचं तुम्हाला ठरवायचंय."

आत्यानं पाहिलं. उजवी नाकपुडी जवळजवळ नव्हतीच, शेजारचा गालाचाही एक तुकडा गेला होता. रडू येईल असं तिला वाटलं होतं. ते आलं नाही, कारण गोळीच्या गुंगीत ते कुणा गिऱ्हाइकाचं नाक वाटत होतं, आणि गिऱ्हाइकापुढे ती कधी रडली नव्हती.

"ह्याला रंग कुठून आणणार?" तिनं विचारलं.

"कपाळाचा सगळ्यात जवळचा. पोत पण तोच. कानातली कूर्चा, म्हणजे मऊ हाड, घेऊन नाकपुडीची कड उभी करू. पण वेळ लागेल. पुलातून रक्त येत राहायला हवं, नवी जागा धरेपर्यंत. मग तो कापायचा. तोवर चेहरा चारचौघांत जरा..." त्या थांबल्या. "लोक बघतील."

"ठिगळ लाव बाई," थोरली म्हणाली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता, घाबरलेला होता. "तुझा चेहरा मला बघवणार नाही तसा."

"वन्सं म्हणतील ते," भावजय म्हणाली.

आत्या भावाकडे वळली. "तू सांग."

"तू म्हणशील ते, ताई." तो खिडकीतल्या चादरींशी बोलला.

तेव्हा तिला नीट दिसलं, पुढची सगळी वर्षं कशी असतील ते. ठिगळ लागेल. दर वर्षी फोटो निघेल. भाऊ भिंगाखाली ते ठिगळ पेन्सिलीनं बुजवील, इतक्या प्रेमानं की कुणाला कळणार नाही, आणि उरलेलं वर्षभर तिच्या चपलांकडे बघेल. नाक जाण्याचं दुःख होतंच तिला, खूप होतं. पण हा एकुलता एक भाऊ तिनं कडेवर घेऊन वाढवला होता, आणि तो तिच्याकडे बघणार नसेल तर त्या चेहऱ्याचं तिला करायचं काय होतं?

"कपाळाचं करा," ती म्हणाली.

पूल बांधला गेला. डाव्या भुवईच्या आतल्या टोकापासून कातडीची एक पट्टी पीळ देऊन नाकावर उतरवली होती, तिच्याभोवती जाळीदार कापड गुंडाळलेलं. चष्मा नाकावर टेकेना, त्यामुळे आत्याला काम नव्हतं. चष्म्याशिवाय सगळं जग कडा नसलेलं दिसायचं. ती स्टुडिओत जाऊन पडद्यासमोर बसायची आणि तळं आणखीच तळ्यासारखं वाटायचं.

ड्रेसिंग भावजय करायची. पहिल्याच दिवशी आत्या म्हणाली, "कपाळ कशाला पुसतेस गं, कपाळ सोड."

"मी नाक पुसतेय, वन्सं."

दोघीही थांबल्या. भावजयीनं कापसाचा बोळा पुन्हा नव्या नाकाला लावला. आत्याला तो भुवयांच्या वर, केसांच्या खाली कळला, अगदी स्वच्छ. पुढे डॉक्टरीणबाई म्हणाल्या की असं होतं, कातडी नाकावर आली तरी तिची नस अजून कपाळाच्याच गावची आहे. भावजयीला ह्याची इतकी गंमत वाटली, की ती रोज विचारायची, "आता कुठं?" आणि आत्या डोळे मिटून सांगायची, "कपाळ. डावीकडे." त्या दोघींनी इतक्या वर्षांत मिळून कधी एवढं हसून घेतलं नव्हतं.

भाऊ मात्र चहाचा कप ठेवायचा, आणि जायचा.

मग ती तारीख आली. थोरलीनं आधीच सांगून टाकलं होतं की यंदा फोटो पुढे ढकलावा, पूल निघाल्यावर काढू. भाचीनं सुचवलं की आत्याला एका बाजूनं बसवू, डावा गाल पुढे.  भाऊनं लाकडी कॅमेरा पुसून तिवईवर चढवला एवढंच.

"मी मधे बसणार," आत्या म्हणाली. "समोर तोंड करून."

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं, मग खुर्ची उचलली आणि तिच्या उजव्या हाताला आणून ठेवली, नेहमीच्या जागी. बसली आणि मुद्दाम मान वळवून तिनं आत्याचा चेहरा जवळून, बराच वेळ बघून घेतला. तिचे डोळे भरून आले. "बघवतोय," ती म्हणाली.

भाची मागे उभी राहिली, तिच्या शेजारी भावजय. भाऊची जागा डावीकडे रिकामी ठेवलेली होती. कॅमेऱ्याला जोडलेली तार ओढून तिथूनच तो फोटो काढायचा. तो काळ्या कपड्याखाली गेला. तिथं कॅमेऱ्याच्या काचेवर माणसं उलटी दिसतात, पाय वर आणि डोकं खाली. आज तो कपड्याखाली फारच वेळ राहिला. कपडा हलला, स्थिर झाला, पुन्हा हलला.

"बाबा, पाय दुखले," भाची म्हणाली.

तो बाहेर आला. कॅमेरा त्यानं तयार केला, तार हातात घेतली, डावीकडे येऊन उभा राहिला आणि तिथंच थबकला. आत्याच्या नव्या नाकपुडीवर जाळीचा एक सुटा धागा आला होता. सगळ्या जन्मात कुणाच्या चेहऱ्यावरचा धागा त्यानं तसाच राहू दिला नव्हता. तो वाकला, नजर त्या धाग्यापुरतीच ठेवून त्यानं तो दोन बोटांत धरला आणि अलगद उचलला.

आत्याला तो स्पर्श कपाळावर झाला. भुवयांच्या मधोमध, जरा वर. त्याच जागी अण्णा अंगठा टेकवायचे. लहानपणी ती फोटोला बसली की मान खाली घालायची, आणि अण्णा कॅमेऱ्यामागून येऊन तिथं अंगठा लावून तिचं तोंड हलकेच वर करायचे. छतातला उजेड तसाच खाली येत होता. आत्याची पडद्याकडे पाठ होती तरी तिला कळलं की मागे तळ्याच्या पलीकडे, रंग न लावलेल्या त्या जागेत, उभं असलेलं माणूस आता इकडे वळलं आहे. तिनं तोंड वर केलं.

"छापण्याआधी थोरलीला साफ कर," ती म्हणाली. "नाही तर ती फोटो फाडून टाकेल. मला राहू दे."

"बरं," भाऊ फरशीकडे बघत म्हणाला. मग तो सरळ उभा राहिला आणि आयुष्यभर जे म्हणत आला तेच सवयीनं म्हणाला, "हं. इकडे बघा."

"मी बघतेच आहे," आत्या म्हणाली. "तू बघ."

भाऊनं मान वर केली. आधी त्याला पूल दिसला असेल, मग कपाळावरचे टाके, मग ते नवं, सुजलेलं, अजून कपाळाच्याच गावचं असलेलं नाक. तो तिथं थांबला नाही. त्याची नजर तिच्या डोळ्यांपर्यंत आली आणि राहिली. खाली बघायचं असतं हे तो विसरून गेला, समोर कॅमेरा आहे हेही विसरला, आणि हातातली तार कधी ओढली गेली ते त्या दोघांनाही कळलं नाही.

त्या वर्षीच्या फोटोत सगळं घर समोर बघतं आहे. फक्त मधोमध बसलेली एक बाई आणि तिच्या डाव्या हाताला उभा असलेला एक माणूस एकमेकांकडे बघताहेत.